कळ, संकेत आणि अर्थ

प्रास्ताविक

चिन्ह आणि त्याचा अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपल्या परिचयाचे आहे. त्याचा एक व्यावहारिक दाखला येथे पाहू. आपल्यापैकी काहीजण कार्यालयात दूरच्या संगणकावरील जुना प्रोग्रॅम टर्मिनलच्या खिडकीतून वापरीत असतील. चुकलेले अक्षर खोडण्यासाठी कळ दाबावी, तर अक्षर तसेच राहते आणि पुढे भलतीच चिन्हे उमटतात. येथे कळफलक बिघडलेला नसतो. दोन टोकांमधील संकेत जुळलेला नसतो.

विषयविवेचन

पलीकडच्या संगणकाकडे कळ जात नाही. जातो तो तिचा क्रमांक. आस्की संकेतावलीत ‘बॅकस्पेस’चा क्रमांक ८, तर ‘डिलीट’चा १२७ आहे. खोडण्याच्या एकाच कळेसाठी काही टर्मिनल ८ पाठवितात, काही १२७. पलीकडे दुसऱ्याच क्रमांकाची अपेक्षा असेल, तर खोडण्याची आज्ञा ओळखलीच जात नाही.

काही कळा एकाहून अधिक संकेत पाठवितात. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० टर्मिनलवरील ‘पीएफ-१’ ही कळ एस्केप, ओ आणि पी असे तीन संकेत पाठवीत असे. आजचे अनेक टर्मिनल प्रोग्रॅम ‘एफ-१’साठी हेच तीन संकेत पाठवितात. युनिक्सवरील ‘व्हीआय’ या संपादकाने हा समूह एकत्र ओळखला नाही, तर तो प्रत्येक संकेताचा सुटा अर्थ लावतो: एस्केपने लेखन थांबते, ओ मुळे वर नवी ओळ उघडते आणि तीत पी हे अक्षर उमटते. मदत मागणाऱ्याच्या मजकुरात अशा रीतीने नकळत भर पडते.

उपाय क्रमाने करावा. प्रथम कळ काय पाठविते ते पाहावे. युनिक्सवर कंट्रोल व व्ही एकत्र दाबून मग ती कळ दाबल्यास संकेत दिसतो. नंतर प्रोग्रॅमला कोणत्या टर्मिनलची अपेक्षा आहे, हे तपासावे. शेवटी दुरुस्ती एकाच टोकाला करावी. दोन्ही टोकांना अदलाबदल केल्यास मूळची विसंगती कायम राहते.

मराठीतही हेच घडते. विंडोजवरील इन्स्क्रिप्ट मांडणीत शिफ्ट व ७ दाबले की ‘क्ष’ उमटतो. युनिकोडमध्ये मात्र क, हलन्तचिन्ह आणि ष असे तीन संकेत साठविले जातात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर असा मराठी मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्याचा अर्थ सांगणारा संकेत तेथे नसतो.

सारांश

कळेला स्वतःचा अर्थ नसतो. पाठविणारा आणि स्वीकारणारा यांच्यातील समान संकेतामुळेच तिला अर्थ प्राप्त होतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘एफ-१’ दाबल्यावर मजकुरात पी हे अक्षर का उमटू शकते?
२. जुन्या फॉन्टमधील मजकुराच्या उदाहरणाने चिन्हाची यादृच्छिकता स्पष्ट करा.