सोनं संपल्यानंतरचं कोलार

खोपोलीच्या वीजघराकडे डोंगरावरून उतरणारे पाण्याचे नळ पाहत वाढलेल्या माणसाला कोलारची सोन्याची खाण परकी वाटत नाही. आम्ही कुंभिवलीची माणसं, खालापूर तालुक्यातली. लोणावळा-वळवणच्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून टाटांनी १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली, हा आमच्या परिसराचा अभिमान. त्याच्या तेरा वर्षं आधी, जून १९०२ मध्ये, कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावरची वीज सुमारे १४७ किलोमीटर तारांवरून कोलार गोल्ड फील्ड्सला (केजीएफ) पोचली होती. इतक्या दूर वीज नेणाऱ्या वाहिन्या तेव्हा जगात मोजक्याच होत्या. म्हैसूरचे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांनी या योजनेचा पाठपुरावा केला, पण ती कार्यान्वित होण्याआधीच ते वारले. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ मध्ये. बंगळूरच्या आधी वीज खाणीला मिळाली, कारण राज्याच्या तिजोरीत स्वामित्वधन येत होतं ते खाणीतून.

हल्ली तिथे जाणारे बहुतेक जण 'केजीएफ' हा चित्रपट पाहून जातात. पडद्यावरची 'नराची' ही कल्पित वस्ती आहे, तिथला संघर्षही कल्पित. खऱ्या केजीएफमध्ये एका दिवसात मावणार नाही एवढं पाहण्यासारखं आणि समजून घेण्यासारखं आहे. मात्र तिथे जाताना सोन्याचं आकर्षण थोडं बाजूला ठेवावं आणि ते ज्यांनी वर काढलं त्यांचं गाव पाहायला जावं, एवढंच मला आग्रहाने सांगायचं आहे.

जावं रेल्वेने. कल्याणहून किंवा पुण्याहून उद्यान एक्सप्रेसने बंगळूर गाठायचं आणि तिथून मारिकुप्पमची गाडी धरायची. कोलार शहर वेगळं, ते खाणीपासून तीसेक किलोमीटरवर. शहाजीराजांच्या जहागिरीत होतं ते कोलार. खाणीकडे जाण्यासाठी चेन्नईच्या मुख्य मार्गावरचं बंगारपेट हे जंक्शन. तिथून कोरोमंडल, उरिगाम, चॅम्पियन अशी खाणींची नावं घेत सोळा किलोमीटरचा फाटा मारिकुप्पमला संपतो. तो १८९४ मध्ये सुरू झाला. आपला कर्जत-खोपोली फाटा पंधरा किलोमीटरचा. तोही असाच एका टोकाला जाऊन थांबतो. खाणी बंद झाल्यापासून इथली हजारो माणसं पहाटेच्या गाड्यांनी बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परततात. डबा, झोप, ठरलेली जागा, ठरलेला गट हे सगळं खोपोली लोकलने मुंबई गाठणाऱ्याला पाहताक्षणी कळतं. कोलारची आजची खरी ओळख मला या गाड्यांमध्ये दिसली.

इतिहास थोडक्यात असा. टिपू सुलतान पडल्यावर म्हैसूरची नवी हद्द आखायला आलेला लेफ्टनंट जॉन वॉरन १८०२ मध्ये इथल्या गावकऱ्यांकडून सोन्याबद्दल ऐकतो. त्यांनी गाड्या भरून माती आणली आणि त्याच्यासमोर धुऊन त्यातले सोन्याचे कण दाखवले. म्हणजे इथल्या लोकांना सोनं माहीत होतंच, वॉरनने ते कागदावर आणलं. १८७१ मध्ये न्यूझीलंडच्या लढाईहून परतलेल्या मायकेल लॅव्हेल या आयरिश सैनिकाच्या हाती ती जुनी टिपणं लागली. १८७५ मध्ये त्याला परवाना मिळाला, पण भांडवल पुरलं नाही. १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सने कारभार हाती घेतला. पैसा संपत आला असताना प्लमर नावाच्या कप्तानाला जुन्या खोदकामांच्या मागावर चॅम्पियन ही समृद्ध शिरा सापडली आणि पुढे माळावर शहर उभं राहिलं. क्लब, गोल्फचं मैदान, साहेबांचे बंगले, रॉबर्टसनपेट आणि अँडरसनपेट या बाजारपेठा.

जमिनीखाली मात्र वेगळंच जग होतं. चॅम्पियन रीफ्स खाणीची खोली तीन किलोमीटरच्या पुढे गेली. घाटमाथ्यावरून खोपोलीपर्यंतच्या उताराच्या पाच-सहा पट. त्या खोलीवर खडकाचं तापमान साठ अंशांच्या वर जातं. थंड हवा यंत्राने खाली सोडावी लागे. वरच्या डोंगराएवढ्या भारामुळे बोगद्याची भिंत अचानक फुटे. त्याला रॉक बर्स्ट म्हणत, आणि तो कधी होईल हे आधी कुणाला सांगता येत नसे. इथे १९८८ मध्ये राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था सुरू झाली, तिच्यामागे हाच अनुभव होता. खडक फोडणाऱ्यांच्या फुप्फुसांत गारगोटीची धूळ जाऊन सिलिकोसिस जडे. सुरुवातीच्या काळात टनभर खडकातून चाळीसहून अधिक ग्रॅम सोनं निघे, शेवटी ते तीन ग्रॅमच्या आसपास आलं. तीन ग्रॅमच्या हिशेबाने एक तोळा सोन्यासाठी जवळजवळ चार टन खडक खालून वर आणायचा, दळायचा आणि सायनाइडच्या पाण्यात मुरवायचा. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांमागे माणसांची इतकी मेहनत असते हे तिथे उभं राहिल्यावर फार जाणवतं.

ही मेहनत कुणाची होती? बहुतांशी उत्तर अर्काट आणि आसपासच्या तमिळ जिल्ह्यांतून आलेल्या दलित कुटुंबांची. गावातली अस्पृश्यता आणि वेठबिगारी सोडून ती रोख मजुरीकडे आली. वरच्या जागांवर युरोपीय आणि अँग्लो-इंडियन, खाली खोदणारे हे. राहायला चटयांच्या भिंतींच्या खोल्यांच्या रांगा. त्यांना लाईन म्हणत आणि आजही म्हणतात. चॅम्पियन, मारिकुप्पम, कोरोमंडल या लाईनींमधून फिरताना कानावर तमिळच पडते.

महाराष्ट्रात फारशी ठाऊक नसलेली एक गोष्ट या लाईनींमध्ये घडली. मद्रासचे पंडित अयोती दासर यांनी १८९८ मध्ये श्रीलंकेत बौद्ध धम्म स्वीकारला आणि परत येऊन शाक्य बौद्ध संघ उभारला. त्याची शाखा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मारिकुप्पमला निघाली आणि पुढे चॅम्पियन रीफ्सलाही केंद्र झालं. पाळी संपली की कामगार वाचायला बसत, धम्मावर चर्चा करत, पुस्तकं छापत. दासरांचं 'तमिळन' हे नियतकालिक त्यांच्या मृत्यूनंतर १९२६ पासून जी. अप्पादुरैयार यांनी याच खाणगावातून पुन्हा काढलं. याच चळवळीतले प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांच्या बौद्ध धम्मावरच्या ग्रंथाची नवी आवृत्ती १९४८ मध्ये आली, तिला प्रस्तावना होती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. नागपूरच्या दीक्षेआधी निदान चार दशकं जमिनीखाली राबणाऱ्या माणसांनी हा मार्ग धरला होता. पुढे रिपब्लिकन पक्षाचे सी. एम. अरुमुगम इथून कर्नाटक विधानसभेवर निवडून गेले. महाडचं चवदार तळं आमच्याच जिल्ह्यात. तिथे दरवर्षी जाणाऱ्यांनी एकदा चॅम्पियन रीफ्सच्या विहारातही जावं असं मला मनापासून वाटतं.

१९६५ मध्ये याच खाणीत आणखी एक मोठी गोष्ट घडली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आपली उपकरणं घेऊन केज नावाच्या लिफ्टमधून सुमारे २.३ किलोमीटर खाली उतरले. जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम ही विद्यापीठं त्यांच्याबरोबर होती. आकाशातून सतत बरसणारे इतर कण एवढ्या खडकात अडतात, न्यूट्रिनो नावाचा कण मात्र आरपार जातो. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण त्यांना इथे मिळाली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत दुसऱ्या गटालाही ती मिळाली. ही उपकरणं जिथे बसवली ते बोगदे खाणकामगारांनीच खोदलेले होते. विज्ञानाच्या इतिहासात त्यांचंही नाव यायला हवं.

१९५६ मध्ये खाणी म्हैसूर सरकारने घेतल्या, १९६२ मध्ये केंद्राने. २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. सव्वाशे वर्षांच्या आसपास चाललेल्या या कामातून सुमारे ८०० टन सोनं निघालं होतं. पंप थांबले आणि बोगदे पाण्याने भरत गेले. पर्यटकाला आता खाली उतरता येत नाही. शाफ्टवरचे, म्हणजे खाणीच्या उभ्या विवरांवरचे, लोखंडी मनोरे कुंपणाबाहेरून पाहायचे, उरिगामचं स्थानक पाहायचं, क्लबच्या रस्त्याने चालायचं, लाईनीतल्या चहाच्या टपरीवर बसायचं. सायनाइडचे डोंगर लांबूनच पाहावेत. दळलेल्या खडकाचा तो गाळ आहे, आणि वाऱ्याच्या दिवसांत त्याची बारीक पूड घरादारांत जाते. तिथे कपडे मिरवत फोटो काढणाऱ्यांनी निदान खालच्या वस्तीत ही धूळ कोण श्वासात घेतं ते विचारावं.

असे तेरा ढीग आहेत, सुमारे ३ कोटी ३० लाख टनांचे. त्यात थोडं सोनं अजून आहे. ते काढू देण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये संमती दिली. धूळ कमी होणार असेल आणि गावातल्या मुलांना गावातच काम मिळणार असेल तर ते जरूर व्हावं. मात्र त्याच वेळी एक शाफ्ट, त्यातली केज वर-खाली नेणारं वाइंडर यंत्र आणि एक लाईन जशीच्या तशी जपून तिथे संग्रहालय करावं आणि खाणीत जीव गमावलेल्या कामगारांची जेवढी नावं नोंदवहीत सापडतील तेवढी तमिळ आणि कन्नडमध्ये भिंतीवर कोरावीत. ज्यांनी हे शाफ्ट चालवले ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्याकडून विचारून घ्यायचं काम लगेच सुरू व्हायला हवं.