हप्ता आपोआप, रक्तदाबही आपोआप!

महिना लागला की डोके दुखते, छातीत धडधडते, रात्री दोनला जाग येते ती पुन्हा झोप म्हणून लागत नाही. पंधरा तारीख उलटली की मात्र बरे वाटते. अशी तक्रार घेऊन महाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले. वय ४८, रक्तदाब १७०/१०४. चार वर्षांपासून गोळी चालू. ‘‘गोळी रोज घेता ना?’’ या प्रश्नावर ते गप्प बसले. उत्तर त्यांच्या पत्नीने दिले. ‘‘दोन महिने झाले, बंद केली आहे डॉक्टर. खात्यात पैसे शिल्लक राहायला हवेत म्हणतात.’’

मग सगळी हकिगत निघाली. मुलीच्या कॉलेजची फी त्यांनी क्रेडिट कार्डावर भरली होती. बिल भरण्याची धावपळ नको म्हणून खात्यातून रक्कम आपोआप वळती होण्याची सोयही घेतली होती. दरमहा पैसे कापल्याचा संदेश येई, गृहस्थ निश्चिंत. प्रत्यक्षात अर्जावर खूण झाली होती ती ‘किमान देय रक्कम’ या चौकटीत. वर्षभर कापून घेऊनही कर्ज जवळपास तेवढेच होते.

वाचकहो, हा हिशेब समजून घ्या. बिल २०,००० रुपये आहे आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे १,००० रुपये गेली. उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्के व्याज धरले तर ६६५ रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १२० रुपये. पुढच्या महिन्यात भरलेल्या हजारातून मुद्दल फिटते जेमतेम दोनशे रुपयांचे!

त्यात कापण्याची तारीख ५ आणि पगार ७ तारखेला. शिल्लक संपली तसा हप्ता परत जाऊ लागला. बँकेने दंड लावला, कार्डवाल्यांनी वेगळा. घराच्या आरोग्य विम्याचा मासिक हप्ताही त्याच कार्डावर होता. कार्डाची मर्यादा भरल्याने तोही अडला. त्याचा संदेश गेला नवी मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाच्या फोनवर, कारण नोंदवलेला नंबर त्याचा होता. मासिक हप्त्याला सवलतीची मुदत १५ दिवसांची असते. ती उलटली आणि पॉलिसी बंद पडली. नवी घ्यायची तर रक्तदाबासारख्या जुन्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणजे एकीकडे गोळी बंद आणि दुसरीकडे विमाही बंद!

चिंता वाढली की अ‍ॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. समोर वाघ असो की वसुलीचा फोन, शरीर एकाच तऱ्हेने वागते. वाघ निघून जातो. बिल मात्र दर महिन्याला येते. अशा वेळी माणूस संदेश उघडायचेच टाळतो आणि न उघडलेला संदेश रात्री दोनला जागे करतो. पण त्यापेक्षाही मोठा धोका म्हणजे स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे. त्यातून पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सरकारी रुग्णालयात रक्तदाबाच्या गोळ्या मोफत मिळतात.

कार्ड नाही म्हणून हा लेख आपल्यासाठी नाही, असे पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरील वाचकांनी समजू नये. २०१५ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सुरक्षा विमा व जीवनज्योती विमा या योजनांचे अनुक्रमे २० व ४३६ रुपये मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआपच जातात. शिल्लक नसेल तर प्रत्येकी २ लाखांचे संरक्षण थांबते. तेव्हा मे महिन्यात पासबुक भरून घ्यावे.

आता उपाय. आपोआप भरणा म्हणजे औषधच समजा. मात्रा, वेळ आणि ते बंद कसे करायचे, या तिन्ही गोष्टी माहीत हव्यात.

१. मात्रा : ‘किमान’ नव्हे, ‘एकूण देय रक्कम’ निवडली आहे ना, हे बँकेत जाऊन पाहा. एकूण रक्कम झेपत नसेल तर कार्ड वापरणे थांबवा आणि जमेल तेवढी जादा रक्कम स्वतः भरा.

२. वेळ : बिलाचे चक्र निदान एकदा बदलून मागण्याचा हक्क कार्डधारकाला आहे. तारीख पगारानंतरची घ्या. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा. जुलै २०२१च्या महापुरात महाडची वीज गेली, मोबाईल मुके झाले. केवळ फोनवर विसंबू नये.

३. थांबवणे : कार्डावरून आपोआप जाणाऱ्या हप्त्याची सूचना २४ तास आधी मिळावी आणि तो थांबवता यावा, हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. त्यासाठी नोंदवलेला नंबर आपलाच हवा.

बँकेने ३० दिवसांत तक्रारीची दाद घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; चौकशीसाठी १४४४८. वसुलीचे फोन सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर करण्यास मनाई आहे. मन फारच खचले तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास मराठीतही मोफत बोलता येते.

त्या गृहस्थांनी आधी गोळी सुरू केली, मग मुलाला घेऊन बँक गाठली. भरण्याची तारीख आता १२ झाली आहे. कर्ज अजून पुरते फिटलेले नाही, विम्याची खटपट चालू आहे. परवा मात्र रक्तदाब १३६/८६ भरला. ‘‘झोप?’’ मी विचारले. पत्नीच म्हणाली, ‘‘आता घोरतात!’’