पेशंटसोबत कोण आहे?

‘आईची फिजिओथेरपी चालू आहे’, ‘काकांची तिसरी केमो झाली’ ही वाक्यं आता घरोघरी ऐकू येतात. ‘थेरपी’ म्हटलं की डोळ्यांपुढे यंत्रं, सलाईन आणि बिल येतं. शब्द जन्मला तेव्हा मात्र त्याच्याजवळ नुसता एक सोबती होता.

प्राचीन ग्रीकमध्ये त्याला ‘थेरापोन’ म्हणत. होमरच्या ‘इलियड’मध्ये पॅट्रोक्लस हा अकिलीसचा थेरापोन, म्हणजे जिवलग आणि सेवकही. ट्रॉयच्या लढाईत युरिपिलसच्या मांडीत बाण घुसतो. वैद्य माखाऑन स्वतःच घायाळ. मग पॅट्रोक्लस युरिपिलसला कातड्यांवर निजवतो, सुरीने बाण कापून काढतो, कोमट पाण्याने रक्त धुतो आणि कडू मुळी हाताने चुरून जखमेवर लावतो. पुढे त्याच्याशी बोलत, त्याचं मन रमवत बसून राहतो.

याच कुळातल्या क्रियापदाचा अर्थ ‘सेवा करणं’. देवाची पूजा, जमिनीची मशागत, आजाऱ्याची देखभाल, सगळ्याला हाच शब्द. लॅटिनमार्गे तो एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत ‘थेरपी’ झाला, तोवर पूजा आणि मशागत गळून फक्त आजार उरला होता. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी ‘केमोथेरपी’ हा शब्द रूढ केला, तो रसायनांनी संसर्गजन्य रोगांवर करायच्या इलाजासाठी. १९१० साली बाजारात आलेलं त्यांचं साल्वरसान हे औषध उपदंशावरचं होतं. कर्करोगाशी या शब्दाची गाठ नंतर पडली.

आपला ‘उपचार’ही याच वाटेने आला. उप म्हणजे जवळ, चर म्हणजे जाणं. म्हणून देवाला षोडशोपचार आणि रुग्णाला औषधोपचार. ‘शुश्रूषा’चा मूळ अर्थ तर ‘ऐकण्याची इच्छा’.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा. त्याला शुश्रूषेची जाण हवी, हाताला कसब हवं, रुग्णाविषयी माया हवी आणि अंगी स्वच्छता हवी.

दवाखान्यात भरती करताना ‘पेशंटसोबत कोण आहे?’ असं विचारतात ना, ती चौकशी या तिसऱ्या पायाचीच असते.