उन्हाची पडवी

आमच्या आजोळच्या घराला तिन्ही बाजूंनी पडवी होती. पुढची माणसांच्या उठबशीची, मागची शेणी-लाकडांची आणि बाजूची गाईवासरांची. तिघींचं खरं काम मात्र एकच. कोकणातलं ऊन आणि पाऊस घराच्या मुख्य भिंतीपर्यंत पोचू द्यायचा नाही. मातीची भिंत उघडी ठेवली तर ती चार पावसाळ्यांत अंगणात येते, हे तिथल्या गवंड्याला कुणी शिकवावं लागत नाही. पडवीला स्वतःची पुरी भिंत नसते. घराच्या भिंतीला पाठ टेकून, घराच्याच छपराचं पाखं खाली ओढून ती उभी असते.

ही पडवी मला पुन्हा भेटली ती लेहमध्ये, जानेवारीत. झंस्कारच्या गोठलेल्या नदीवरून चालायला निघालेल्या मुंबई-पुण्याच्या मंडळींना आधी दोन-तीन दिवस लेहमध्ये नुसतं बसून काढावे लागतात, साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. रात्री उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली सकाळी दगड झालेली असायची. आणि दुपारच्या थुक्प्यात चक्क ताजा, हिरवागार पालक! सुकवलेला नव्हे, विमानानं आलेलाही नव्हे. कुठून आला, असं विचारल्यावर घरच्या आमा-लेनं (हा ‘ले’ म्हणजे आपल्या ‘जी’चा लडाखी भाऊ) बैठकीच्या खोलीतलं एक बुटकं दार ढकललं. मी वाकून आत गेले आणि चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसेपर्यंत नुसता वास होता. ओल्या मातीचा आणि मेथीचा.

दिसायला लागलं ते असं : घराच्या दक्षिणेच्या भिंतीला टेकवलेले पॉप्लरचे उतरते वासे, त्यांवर ताणलेलं पारदर्शक प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना कच्च्या विटांच्या आखूड भिंती. लांबी वीसेक फूट, रुंदी जेमतेम आठ. आजोळची पडवीच, फक्त कामाच्या बाबतीत उलटी. तुमच्याकडे अशी खोली कशासाठी करतात, असं आमा-लेनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, ऊन आत येऊ नये म्हणून. तिला ही थट्टा वाटली.

हरितगृह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तळेगाव दाभाड्याची गुलाबाची पॉलिहाउसं येतात. मोकळ्या रानात उभी, चारही बाजूंनी प्लॅस्टिक, आतली उष्णता बाहेर कशी काढायची याची सतत विवंचना. त्यामुळे हरितगृह म्हणजे काच किंवा प्लॅस्टिक, असं समीकरण डोक्यात बसतं. लेहमधल्या त्या पडवीत उभं राहिल्यावर ते उलगडतं. प्लॅस्टिक हे पातेल्यावरचं झाकण आहे. पातेलं म्हणजे मागची भिंत.

युरोपातल्या बागवानांना ही गोष्ट काचेच्या आधी कळली होती. पॅरिसजवळच्या माँत्रयमध्ये सतराव्या शतकापासून पीचची झाडं दक्षिणाभिमुख, गिलावा केलेल्या भिंतींना पसरून बांधत. दिवसभर तापलेली भिंत रात्री फळांना ऊब देई. इंग्लंडात काच फार महाग होती, कारण तिच्यावर कर होता. तो १८४५ साली उठला. जोसेफ पॅक्सटन तेव्हा चॅट्सवर्थच्या सरदारघराण्याचा मुख्य माळी होता. आतून धुराचे मार्ग खेळवलेली एक लांबलचक भिंत त्यानं तिथे आधीच झाडांसाठी राखली होती. १८४८ मध्ये तिच्यापुढे त्यानं काचेचं उतरतं दालन उभं केलं. तीनच वर्षांनी लंडनच्या प्रदर्शनासाठी त्याचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला आणि तो जगप्रसिद्ध झाला. मला त्याचं आणखी पुढचं काम जास्त आवडतं. १८५८ साली त्यानं सुट्या चौकटींच्या, भिंतीला टेकवायच्या, हव्या तेव्हा उचलून नेता येतील अशा स्वस्त काचघरांचं पेटंट घेतलं. ‘लाखोंसाठी उष्णगृहं’ अशा अर्थाच्या नावानं ती विकली गेली. सरदाराच्या बागेतली चैन परसात आली ती भिंतीच्या आधारानं, कारण चारपैकी एक बाजू फुकटात मिळत होती.

लडाखला फुकट मिळणाऱ्या गोष्टी दोन. भिंत आणि ऊन. वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आकाश बहुतेक निरभ्र. थंडी उणे वीसपर्यंत उतरली तरी दुपारी भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला टोपी काढावीशी वाटते. मनाली आणि श्रीनगरकडचे रस्ते हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंद असत. अलीकडे श्रीनगरच्या वाटेवरच्या जोजिला खिंडीचा बंदकाळ आखडला आहे, तरी हिवाळ्यात लेहच्या बाजारातली भाजी परवडेलच असं नाही. संरक्षण संशोधन खात्याची लेहमधली प्रयोगशाळा याच प्रश्नावर अनेक वर्षं काम करते आहे. जमिनीत खड्डा खणून त्यावर प्लॅस्टिक घालायची तिची पद्धत गावोगाव दिसते.

भिंतीचा विचार मात्र दुसऱ्या वाटेनं आला. फ्रान्समधल्या ओदेयो इथे फेलिक्स त्राँब या शास्त्रज्ञानं १९६७ साली एक घर उभारलं. त्याच्या दक्षिणेकडच्या काळ्या, जाड भिंतीपुढे थोडी पोकळी सोडून काच लावली होती. (अमेरिकेत एडवर्ड मोर्सनं याच कल्पनेचं पेटंट १८८१ मध्येच घेतलं होतं. पण नाव त्राँबचं लागलं. असं होतं.) लडाखमध्ये काम करणाऱ्या हेलेना नॉर्बर्ग-हॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भिंत तिथे आणली. त्यांच्या लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुपला १९८६ मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. १९८८ साली स्थापन झालेल्या सेकमॉल या लडाखी शिक्षणसंस्थेनं फे गावाजवळ ठासलेल्या मातीच्या इमारती बांधल्या. हिवाळ्यात त्यांच्या दक्षिण बाजूला प्लॅस्टिक लावायचं आणि उन्हाळ्यात गुंडाळून ठेवायचं. २०१६ मध्ये तिथल्या मुख्य इमारतीला मातीच्या बांधकामाचा आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार मिळाला. गेरेस या फ्रेंच संस्थेनं स्थानिक संस्थांच्या साथीनं गावागावांतल्या घरांसाठी सौर हरितगृहं बांधवली. त्या कामाला २००९ सालचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

आता भिंतीचा हिशोब. वीस फूट लांब, आठ फूट उंच, त्यातली आतल्या बाजूची फूटभर जाडी धरू. एवढ्या मातीचं वजन सात टनांच्या वर जातं. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत तिचं सरासरी तापमान फक्त पाच अंशांनी उतरलं तरी तिच्यातून साधारण नऊ युनिट उष्णता बाहेर पडते. म्हणजे एक किलोवॅटचा हीटर नऊ तास चालल्यासारखं, बिलाशिवाय. कच्च्या विटेतून ऊब अदमासे तासाला इंचभर सरकते. म्हणून फूटभर जाड भिंतीवर दुपारी पडलेलं ऊन मध्यरात्रीच्या सुमारास पलीकडच्या खोलीत पोचतं. त्याच वेळी पुढच्या बाजूनं ती भिंत मेथीलाही शेकत असते. लेहमध्ये हल्ली सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांची घरं झपाट्यानं वाढली आहेत. तशा पातळ भिंतीला पडवी टेकवली तर दुपारी घाम फुटतो आणि रात्री कोथिंबीर गारठते. अशा घरमालकानं आधी भिंतीला आतून कच्च्या विटांचा, म्हणजे तिथल्या भाषेतल्या पागबूचा, एक थर चढवावा आणि मग प्लॅस्टिक आणायला बाजारात जावं.

आणि हो, ‘काचेत ऊन शिरतं पण उष्णतेचे किरण अडकतात, म्हणून हरितगृह तापतं’ हे शाळेतलं उत्तर अर्धंच खरं आहे. १९०९ साली रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं दोन पेट्या घेतल्या. एकीला काचेचं झाकण, दुसरीला शेंदेलोणाचं. शेंदेलोणातून ते उष्णतेचे किरण आरपार जातात. तरीही दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. खरं काम तापलेली हवा कोंडून ठेवण्याचं असतं. प्लॅस्टिकमधून तर रात्री उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते. म्हणूनच लडाखी पडवीला दोन गोष्टी अत्यावश्यक : एकही फट नको, आणि रात्री आतून पडदा हवा. जुन्या पॅराशूटचं कापड त्यासाठी उत्तम, वजनाला हलकं आणि हवेला चिवट. संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला की ते ओढायचं. भिंतीत साठलेली ऊब वाचते ती या पाच मिनिटांच्या कामामुळे, आणि आळस होतो तोही याच कामाचा.

बांधायला बसलं की पहिला वाद उताराचा. लेह ३४ अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेबत्तीस अंशच वर असतो. (पुण्यात त्याच दिवशी तो अठ्ठेचाळीसपर्यंत चढतो.) किरण प्लॅस्टिकवर अगदी काटकोनात पडावेत तर छप्पर साडेसत्तावन्न अंश उभं हवं. आठ फूट उंच भिंतीला तसं करायचं तर पडवी पाच फुटांचीच होते. एक वाफा आणि कडेनं चालायची पायवाट, बस्स. पंचेचाळीस अंशांवर आणली तर रुंदी आठ फूट मिळते आणि ऊन शंभरात दोन-तीन भागच कमी होतं. तेव्हा कोनमापक घेऊन भांडण्यात अर्थ नाही. मात्र तीस अंशांच्या खाली जाऊ नये. तसं केलं तर बर्फ घसरत नाही, साचतो. दिशेचंही तसंच. घराची भिंत दक्षिणेपासून पंधरा-वीस अंश पूर्वेकडे वळलेली असली तर खुशाल चालते. उलट गारठलेल्या पडवीला सकाळचं ऊन लवकर मिळतं. पश्चिमेकडे वळलेली असली तर तेवढीच सूट द्यायला मी कचरते.

लडाखी घरांची छपरं सपाट असतात. बर्फ पडलं की वर जाऊन फावड्यानं ते खाली लोटतात. आजवर ते दक्षिणेच्या अंगणात लोटलं जात असेल, तर आता नेमकं प्लॅस्टिकवर पडणार. छपरातून बाहेर आलेली लाकडी पन्हळही तिथेच गळणार. म्हणून पडवीचा पहिला वासा उभा करण्याआधी पन्हळ बाजूच्या भिंतीकडे वळवायची आणि घरातल्या पोरांना बर्फ कुठल्या बाजूला टाकायचं ते बजावायचं.

वाशांचं वरचं टोक भिंतीला कुठे बसतं, तिथे सगळा जीव आहे. कच्च्या विटेत खिळा धरत नाही. दोन विटांच्या थरांमध्ये एक आडवी लाकडी पट्टी बसवून घ्यायची आणि वासे तिच्यावर जडवायचे. प्लॅस्टिक त्या पट्टीवरून वळवून वरून दुसऱ्या पट्टीनं दाबायचं. उरलेली फट गाळीव मातीच्या गिलाव्यानं बुजवायची. खालची कड अर्धा हात खोल चरात पुरायची. दोन वाशांमधलं प्लॅस्टिक सैल राहिलं तर ते वाऱ्यावर फडफडतं आणि वाशाच्या कडेवर झिजून फाटतं. म्हणून वाशांच्या कडा आधी तासून, चिंध्या गुंडाळून घेतात. अतिनील किरणांना टिकणारं खास प्लॅस्टिक चार-पाच वर्षं जातं. बाजारातलं साधं मेणकापड एका हिवाळ्यात पापडासारखं होतं. इथे पैसे वाचवू नयेत.

पाण्याची भीती वेगळी. घराची मातीची भिंत हेच भांडवल, आणि तिच्याच पायथ्याशी आपण रोज पाणी घालणार! म्हणून वाफा भिंतीला चिकटवायचा नाही. मध्ये पायवाट ठेवायची, भिंतीचा तळ दगडी हवा. ऑगस्ट २०१० मध्ये लेहवर ढगफुटी झाली तेव्हा पाण्याचा लोंढा मातीच्या घरांचं काय करतो हे तिथल्या माणसांनी पाहिलं आहे. पाणी सकाळीच द्यायचं, तेही बेतानं. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्री वाफ होऊन प्लॅस्टिकला आतून लगडतं, गोठतं आणि सकाळचं पहिलं ऊन अडवतं. घरात उघडणारं दार दुपारी तास-दोन तास उघडं ठेवलं तर खोली उबदार होते, आणि लडाखच्या कोरड्या हवेत तेवढा ओलावा ओठांनाही बरा वाटतो. पण दार सतत उघडं राहिलं तर उत्तरेच्या थंड भिंतीवर बुरशीचे डाग धरतात.

गंमत म्हणजे इतक्या थंडीच्या देशात या पडवीला उन्हाचा त्रास थंडीइतकाच खरा आहे. फेब्रुवारीच्या स्वच्छ दुपारी सगळं बंद राहिलं तर आतला पारा आपल्या एप्रिलची आठवण करून देतो. पानं मान टाकतात आणि मावा पसरतो. म्हणून छपराच्या माथ्याशी एक झरोका, खाली दाराशी दुसरा. आमा-ले घड्याळ बघत नव्हती. हाताचा तळवा भिंतीवर ठेवून झरोका किती उघडायचा ते ठरवत होती.

पिकांबाबत उगाच हुरूप नको. जानेवारीत टोमॅटो येत नाही. पालक, मेथी, कोथिंबीर, कांदापात, मुळ्याची पानं, एवढंच खरं. तेही सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेलं हवं. ऐन थंडीत रोप वाढत नाही, जिवंत राहतं. आपण थोडं-थोडं खुडत राहायचं. मार्चमध्ये याच वाफ्यांत शेतासाठी कोबी आणि टोमॅटोची रोपं तयार होतात, आणि माझ्या मते पडवीची खरी वसुली तिथे होते, कारण बाहेरच्या आखूड हंगामाला त्यामुळे महिनाभर पुढचा पाय मिळतो.

मे महिन्यात पट्ट्या उकलून प्लॅस्टिक उतरवतात. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा ते राहिलं तर घराची भट्टी होईल. उतरवलेलं कापड धुऊन, सावलीत वाळवून, पॉप्लरच्या दांड्याभोवती गुंडाळून ठेवायचं. घडी घालायची नाही. घडीवरच ते आधी तडकतं. आमा-लेच्या घरी हा दांडा जिन्याखाली, सुकवलेल्या जर्दाळूंच्या पोत्यामागे आडवा पडलेला असतो, आणि उघड्या पडलेल्या वाशांवर तोवर कुणीतरी गोधड्या वाळत घातलेल्या असतात.