विश्लेषण : उकिडवे बसता येते, मग बार घेऊन पूर्ण स्क्वाट का जमत नाही?

वसई-दिवा रेल्वेमार्गावरच्या कामणमध्ये भाताची खाचरे आणि कारखान्यांचे गाळे शेजारी शेजारी दिसतात. बांधावर बराच वेळ उकिडवे बसणे ज्या घरात कुणालाच अवघड वाटत नाही, त्याच घरातला तरुण जिममध्ये खांद्यावर बार घेऊन मात्र अर्ध्यावर अडकू शकतो. ‘अजून खाली’ असा आग्रह झाला की त्याच्या टाचा उचलल्या जातात, कंबर गोल होते आणि दोन दिवसांनी पाठ धरते. अशा वेळी ‘स्क्वाट आपल्यासाठी नाही’ असे ठरवून अनेक जण हा व्यायाम सोडून देतात. प्रत्यक्षात एकाच पद्धतीचा स्क्वाट सगळ्यांना बसत नाही. त्यामागे शरीराची ठेवण आणि साधी भूमिती आहे.

उकिडवे बसणे आणि स्क्वाट यात फरक काय?

उकिडवे बसताना पाठ गोल करण्याची मुभा असते. हात पुढे, गुडघ्यांवर असतात आणि त्यांच्या वजनाने तोल सांभाळला जातो. पाठीवर बार घेतला की दोन्ही सवलती जातात. पाठीचा कणा आहे त्या स्थितीत स्थिर ठेवावा लागतो आणि बार पावलाच्या मध्याच्या सरळ वर राहावा लागतो. बार पुढे सरकला तर चवड्यांवर भार येतो, मागे सरकला तर माणूस मागे पडतो. म्हणजे खाली जाण्याची क्षमता असूनही त्याच खोलीवर ओझे पेलता येईलच असे नाही.

मांडीच्या लांबीचा संबंध कुठे येतो?

समजा, दोन मित्र आहेत. दोघांची नडगी ४० सेंटीमीटर आणि खुब्यापासून बारपर्यंतचे धड ५० सेंटीमीटर. पहिल्याची मांडी ४० सेंटीमीटर, दुसऱ्याची ४५. मांडी जमिनीला समांतर असताना दोघांची नडगी ३० अंश पुढे झुकली, तर गुडघा पावलाच्या मध्यापुढे साधारण १५ सेंटीमीटर जातो. पहिल्याचा खुबा मध्याच्या मागे २५ सेंटीमीटर राहतो, दुसऱ्याचा ३०. बार पुन्हा मध्यावर आणण्यासाठी पहिल्याला धड सुमारे ३० अंश झुकवावे लागते, तर दुसऱ्याला ३७ अंश.

दुसरा मित्र काहीही चुकत नाही. त्याच्या हाडांची लांबीच तेवढे झुकायला लावते. त्याला ‘छाती वर, पाठ ताठ उभी’ असे सतत सांगितले तर तोल जाईल किंवा तो अर्ध्यावर थांबेल. लांब मांडी आणि आखूड धड असणाऱ्यांनी झुकणे स्वीकारावे. कणा मात्र सरळ रेषेत ठेवावा. झुकणे आणि पाठ गोल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घोटा आडवा येतो का?

वरच्याच उदाहरणात दुसऱ्या मित्राचा घोटा कडक असेल आणि नडगी २० अंशच झुकत असेल, तर धडाला ३७ ऐवजी सुमारे ४७ अंश झुकावे लागेल. म्हणजे घोट्याने अडवलेले १० अंश जवळपास तसेच कंबरेवर येतात.

घरी तपासणी सोपी आहे. अनवाणी उभे राहून पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटीमीटर दूर ठेवावा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकत असेल तर घोट्याची हालचाल बऱ्यापैकी आहे. टेकत नसेल तर पोटऱ्यांचे ताण आणि याच स्थितीचा रोजचा सराव उपयोगी पडतो. तोपर्यंत टाचेखाली दोन सेंटीमीटरची फळी ठेवून स्क्वाट करता येतो. वेटलिफ्टरच्या बुटांची टाच साधारण तेवढीच उंच असते, ती याचसाठी.

पाय किती फाकवावेत?

दुसऱ्या मित्राने पावले आणि गुडघे दोन्ही बाहेरच्या बाजूला ३० अंश वळवले, तर समोरून मागे मोजलेली त्याची मांडी ४५ वरून सुमारे ३९ सेंटीमीटर भरते. धडाचे झुकणेही ३१ अंशांवर येते. म्हणूनच लांब मांडीच्या व्यक्तींना थोडी रुंद ठेवण सोयीची जाते. मात्र खुब्याची खोबण प्रत्येकाची वेगळी असते. कुणाची खोल, कुणाची पुढच्या दिशेने, तर कुणाची बाजूला. हाडाला हाड लागले की कितीही ताण दिला तरी तिथे वाट मिळत नाही.

आपली जागा शोधण्यासाठी हात-गुडघ्यांवर ओणवे व्हावे आणि नितंब हळूहळू टाचांकडे न्यावेत. गुडघे जवळ, मध्यम आणि लांब ठेवून तीनदा करावे. ज्या अंतरावर कंबर सर्वांत उशिरा गोल होते, तीच सुरुवातीची ठेवण. गुडघे मात्र पायाच्या बोटांच्याच दिशेने राहायला हवेत.

गुडघे बोटांच्या पुढे गेले तर?

हा सर्वाधिक ऐकू येणारा इशारा आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सात पुरुषांच्या गुडघ्यांपुढे फळी लावून ते रोखले गेले. गुडघ्यावरचे बलआघूर्ण सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाले. पण खुब्यावरचे २८ वरून ३०३ न्यूटन-मीटरवर गेले. भार संपला नाही, त्याने जागा बदलली. गुडघा दुखत असेल तर त्याला थोडे मागे ठेवणे योग्य ठरू शकते. निरोगी माणसाने जबरदस्तीने रोखण्याची गरज नाही.

खोल स्क्वाटने गुडघे खराब होतात का?

ही भीती पसरली ती टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाइन यांच्या १९६१ च्या निष्कर्षांमुळे. पूर्ण स्क्वाटने गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात, असे त्यांनी म्हटले होते. नंतरच्या अभ्यासांत त्याला दुजोरा मिळाला नाही. आपल्या तालमींत तर पैलवान पिढ्यान् पिढ्या बैठका मारत आले आहेत. मात्र बैठकेत टाचा उचलल्या जातात, हातांच्या झोक्याने तोल साधतो आणि वजन स्वतःच्या शरीराचेच असते. त्यामुळे शंभर बैठका मारणाऱ्याने पहिल्याच दिवशी जड बार घेणे धोक्याचे.

मग नेमके किती खाली जावे?

पॉवरलिफ्टिंगच्या नियमानुसार खुब्याजवळचा मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या वरच्या भागापेक्षा खाली जावा लागतो. वेटलिफ्टरला त्याहून खोल बसून वजन झेलावे लागते. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, त्या खेळात ही खोली अटळ आहे. ज्याला कामणदुर्गाची चढउतार सोपी करायची आहे किंवा साठीनंतरही जमिनीवरून आधाराशिवाय उठायचे आहे, त्याच्यासाठी कंबर गोल न होता आणि टाच न उचलता जिथवर जाता येते, ती आजची खोली पुरेशी आहे.

सुरुवात पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून करावी. पुढे धरलेले वजन तोल सांभाळते आणि धड उभे राहते. मागे बाक किंवा स्टूल ठेवून त्याला हलकेच टेकून उठावे आणि काही आठवड्यांनी त्याची उंची कमी करावी. मोबाइल कमरेच्या उंचीवर बाजूला ठेवून व्हिडीओ काढला तर कंबर कुठे गोल होते ते स्पष्ट दिसते. आधी खोली, मग वजन हा क्रम मोडू नये. बार घेतल्यावर रॅकच्या सुरक्षा दांड्या आपल्या सर्वांत खालच्या स्थितीच्या किंचित खाली लावाव्यात.

गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल, कंबरेतून पायात कळ किंवा मुंग्या जात असतील, तर स्क्वाट थांबवून डॉक्टर वा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गर्भवतींनी सल्ल्याशिवाय वजन वाढवू नये. बाकीच्यांनी शेजारच्या रॅकवरच्या माणसाची खोली पाहून आपली ठरवू नये. त्याच्या मांडीचे हाड वेगळ्या मापाचे आहे.