सातारची गादी आणि तहाचं कलम
(लेखमाला : सत्तेची रूपं, भाग ५)

मागच्या भागात हान्स मॉर्गेन्थाऊ यांचा वास्तववाद पाहिला. सैन्य, भूभाग, लोकसंख्या, उद्योग यांवरून राष्ट्राचं बळ जोखायचं, ही त्याची रीत. उत्तर पेशवाईतला सातारा या मापाने मोजला तर हाती काहीच लागत नाही. फौज आणि खजिना पेशव्यांच्या हाती, छत्रपती बहुतेक काळ किल्ल्यावर नजरकैदेत. तरीही नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यावी लागत. पुण्याची सगळी ताकद त्या वस्त्रांवाचून अधुरी होती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने हे नेमकं हेरलं. फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याचा किल्ला घेताच त्याने जाहीरनामा काढला : पेशव्याचं राज्य बुडालं, छत्रपतींसाठी मात्र राज्य राखू. अष्टीची लढाई अजून व्हायची होती. पेशवा बाजीरावासाठी लढण्याचं मराठा सरदारांचं कारणच त्याने दुबळं केलं. याला कुणी जोसेफ नाय यांची ‘सॉफ्ट पॉवर’ म्हणेल. मला ते पटत नाही. आकर्षण गादीचं होतं, कंपनीचं नव्हे. कंपनीने ते तोफांच्या बळावर आपल्या कामाला जुंपलं.

खरी मेख सप्टेंबर १८१९ च्या तहात आहे. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना राज्य मिळालं, पण इंग्रजांच्या अंकित राहून; आणि बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी परस्पर संबंध ठेवायचा नाही, या अटीवर. रॉबर्ट डाल यांनी १९५७ मध्ये सत्तेची व्याख्या केली ती अशी : ‘ब’ने एरवी केलं नसतं ते ‘अ’ त्याच्याकडून करवून घेतो. इथे मात्र रोज काही करवून घ्यायची गरजच उरली नाही. कुणी कुणाशी बोलायचं हेच आधी ठरून गेलं होतं. मायकेल बार्नेट आणि रेमंड ड्यूवॉल २००५ मध्ये सत्तेचे चार प्रकार मांडताना, नियम आणि संस्थांच्या आडून चालणारी सत्ता वेगळी काढतात, ती हीच.

पुढे महाराजांवर आरोप आला तो त्याच कलमाच्या भंगाचा : गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचा. शिवाय देशी शिपायांना फितवल्याचाही. १८३९ मध्ये गव्हर्नर कार्नॅक साताऱ्याला आला. त्याने पुढे केलेल्या अटींवर सही करा, गादी राहील, असा पर्याय होता. महाराजांनी सही नाकारली आणि त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आलं. त्या नकाराबद्दल मला अतोनात आदर वाटतो. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये वर्षानुवर्षं दाद मागत राहिले. पण तहाचा अर्थ लावणारा आणि तहाचा लाभार्थी एकच होता. त्यांच्यामागून गादीवर आलेले शहाजी महाराज १८४८ मध्ये वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला होता. हिंदू धर्मशास्त्राने दत्तक हा वारसच. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लर्कसुद्धा राज्य राखावं याच मताचा होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने मात्र दत्तक अमान्य करून सातारा खालसा केला.

आता सांगली पाहा. संस्थापक चिंतामणराव पटवर्धनांनी कंपनीची लष्करी चाकरी पत्करण्याऐवजी मुलूख सोडून दिला. त्यांच्या घराण्यातले धुंडिराजराव १९०१ मध्ये निपुत्रिक वारले. या वेळी संस्थान खालसा झालं नाही. १९०३ मध्ये सरकारनेच पटवर्धनांच्या घराण्यातला मुलगा निवडून गादीवर बसवला. दरम्यान १८५७ घडलं होतं आणि राणीच्या सरकारला संस्थानिक मित्र म्हणून हवे होते. प्रश्न तोच, वारसाचा. उत्तर बदललं, उत्तर देणारा बदलला नाही.

दुसऱ्याचे बाह्य संबंध तहाच्या कलमाने बांधून टाकण्याच्या रीतीपासून स्वतंत्र भारतही अगदी अलिप्त नव्हता. भूतानशी १९४९ मध्ये झालेल्या करारात, परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालण्याचं भूतानने मान्य केलं होतं. १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, तरी ते कलम २००७ पर्यंत कागदावर होतं. ते कसं गेलं आणि भूतानच्या पदरात काय पडलं, हे पुढच्या भागात.