कोणते पाटील?

दुसरी पाळी सुटताना नाशिकमधल्या सातपूरच्या कुठल्याही कारखान्याच्या गेटवर ‘ओ पाटील’ अशी हाक मारून बघा, पाच-सात जण तरी वळतील. खानदेशातल्या कित्येक घरांत मूळ आडनाव दोन-तीन पिढ्यांपूर्वीच मागे पडलं आणि शाळेच्या दाखल्यावर पाटीलकी चढली. म्हणून इथे आडनावानं ओळख पुरी होत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला, ‘‘कोन्ता गावना?’’ गाव कळलं की भाऊबंद कळतात, सोयरीक जमेल की नाही तेही कळतं.

अलीकडे या प्रश्नाला सरकारी वजन आलंय. मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती २०२३ मध्ये नेमली गेल्यापासून कोतवाल बुक, गाव नमुना १४ हे जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांचे शब्द टपरीवर ऐकू येतात. मोडी वाचणाऱ्याला भाव आलाय. पण जुना कागद सापडणं हे निम्मंच काम. त्यावर असतं ‘सखाराम वलद तुकाराम’. आडनावाचा पत्ता नाही. हा सखाराम आपलाच खापरपणजोबा, हे दाखवायला वंशावळ जुळवावी लागते.

शेजारचे एक निवृत्त फिटर, अर्थात पाटील, त्यासाठी रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे निघाले. सिंहस्थ सुरू झाला की गुरुजींना बोलायला फुरसत नसेल, हा त्यांचा हिशेब. मीही सोबत गेलो. ‘पाटील’ ऐकून गुरुजींनी नुसती मान हलवली. ‘‘मूळ गाव सांगा.’’ गाव सांगितल्यावर लांबट, कडा झिजलेली वही निघाली. तासाभरानं पणजोबा सापडले. भाऊ, मुलगे, पुतणे ओळीनं, खाली थरथरत्या बाळबोध अक्षरातली सही. आडनाव मात्र सोनवणे! पाटील बराच वेळ त्या सहीवर बोट ठेवून बसले होते.

फ्रेंच कॅनडातही हाच घोळ आहे. सैनिकाचं फौजेतलं टोपणनाव, कुठे आईचं आडनाव, कुठे आणखी काही, ते मूळ आडनावाला ‘दी’ लावून जोडत. ‘रुआ दी देजार्दँ’ म्हणजे रुआ ऊर्फ देजार्दँ. पुढे एका शाखेनं रुआ ठेवलं, दुसरीनं देजार्दँ. आपल्याकडे सकपाळांचे आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर झाले, ते आंबडवे गावावरून. तिथेही धागा गावाचाच.

बायकांच्या बाबतीत मात्र फ्रेंच कॅनडावाले आपल्या फार पुढे. तिथल्या चर्चच्या नोंदींत बाईचा बाप्तिस्मा, लग्न, दफन, तिन्हीकडे माहेरचं आडनाव. त्यामुळे आईच्या आईची आई धरून सतराव्या शतकापर्यंत जाता येतं. १९८१ पासून तर क्वेबेकात लग्नानंतरही बाईचं नाव कायद्यानं तेच राहतं. आपण ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहून मोकळे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं झालं, ते बरंच झालं. पण येतं ते नुसतं नाव, तिचं माहेर नाही.

वह्यांचं कौतुक आम्ही लिहिणारे जरा जास्तच करतो. वहीत येतो तो तीर्थाला आलेला, आणि येऊ दिलेला. याच गोदाकाठी काळाराम मंदिराच्या दारात प्रवेशासाठी ज्यांना २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करावा लागला, त्यांच्या पणजोबांसाठी वही कोण उघडून बसलं होतं?

निघताना गुरुजींनी पेन पुढे केलं, नवी पिढी लिहायला. पाटलांनी मुलं लिहिली, सुना लिहिल्या, आणि माझ्याच टोचणीमुळे असेल, प्रत्येकीचं माहेरही लिहिलं. मग आईचं नाव लिहिलं आणि थांबले.

‘‘माहेर?’’ मी विचारलं.

‘‘तेही पाटीलच,’’ ते म्हणाले. ‘‘कोणते, ते मामाला विचारावं लागेल.’’